सहाशेचा मोह

कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन 'जंगलासाठी लेन्स हवी आहे' एवढे एकच वाक्य उच्चारले की गल्ल्यामागील गृहस्थाचा हात आपोआप वरच्या फळीकडे जातो, आणि तेथून खाली उतरविलेल्या, मनगटाच्या दुप्पट जाड व हातभर लांब अशा त्या नळीवर जे दोन आकडे कोरलेले असतात त्यांपैकी दुसराच तेवढा गिऱ्हाईक वाचते. १५०-६००, २००-६००, १००-५००, २००-८०० अशा या जोड्यांतील पहिल्या आकड्याकडे पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही; मग त्याच नळीच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलेला एफचा आकडा आणि माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर छापलेले वजन यांची काय कथा! माझ्या मते मात्र लेन्सची निवड या तीन उपेक्षित आकड्यांवरच करावी, आणि पाचशे की सहाशे की आठशे हा प्रश्न अगदी शेवटी, उरलीसुरली बाब म्हणून निकालात काढावा. हे मत मला एका वाघिणीने शिकविले असून त्या शिकवणीचा वृत्तान्त पुढे ओघाने येईलच.

लेन्सवरील मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिचे नाभीय अंतर. साधे बहिर्वक्र भिंग उन्हात धरून कागद जाळण्याचा उद्योग ज्यांनी शाळकरी वयात केला असेल, त्यांना कागद आणि भिंग यांमधील ते विवक्षित अंतर स्मरत असेलच, तेच हे. हे अंतर जितके मोठे तितकी दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी, असा साधा हिशेब असल्यामुळे सहाशे मिलिमीटरची लेन्स वस्तुतः दोन फूट लांब असावयास हवी होती. ती तशी नसते याचे श्रेय १८९१ च्या सुमारास इंग्लंडात थॉमस डॅलमायर आणि जर्मनीत अडोल्फ मीथे यांनी जवळजवळ एकाच वेळी योजिलेल्या एका युक्तीस आहे. पुढे बहिर्वक्र भिंगांचा गट आणि त्याच्या मागे काही अंतरावर अंतर्वक्र भिंगांचा गट ठेवला असता किरण असे काही वळतात, की ते पुष्कळ लांबच्या भिंगाकडून आले आहेत असा सेन्सरचा समज व्हावा. 'टेलिफोटो' या शब्दाचा शास्त्रीय अर्थ एवढाच की आपल्या नाभीय अंतराहून जिची काया आखूड आहे अशी लेन्स. दूरचे दिसणे हा तिचा गुण, आणि आखूडपणा ही तिची खरी करामत.

झूमची गोष्ट त्यामानाने अलीकडची. छायाचित्रणाच्या साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स व्हॉइग्टलेंडर या जर्मन कंपनीने १९५९ साली 'झूमार' या नावाने बाजारात आणली. तिचा पल्ला ३६ ते ८२ एवढाच होता. त्याच वर्षी जपानच्या निप्पॉन कोगाकु कंपनीने, म्हणजे आजच्या निकॉनने, ८५-२५० ची दूरची झूम पुढे आणली. तरीही पुढील कित्येक दशके कसलेले छायाचित्रकार झूमकडे काहीशा तुच्छतेने पाहत असत, आणि ते निष्कारणही नव्हते, कारण एकाच नळीतील भिंगांनी सर्व अंतरांवर सारखीच रेखीव प्रतिमा द्यावी ही अपेक्षा भिंगे घडविणाऱ्यांना फार जड जात असे. १९६९ साली कॅननने फ्लोराईटच्या स्फटिकाचे भिंग बाजारातील लेन्समध्ये बसविले आणि रंगांच्या कडा फाटण्याचा दोष आटोक्यात आणला. १९९५ साली हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा प्रथमच अदलाबदलीच्या लेन्समध्ये आली. आणि २०१३ अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० ची जी लेन्स मध्यमवर्गीय खिशाला पेलेल अशा किमतीत जाहीर केली, तिच्यानंतर भिगवणच्या होड्यांतून दिसणाऱ्या लांब नळ्यांची संख्या माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेली.

आता एक छोटेसे गणित, जे दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येकाने पाठ करून ठेवावे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. या छत्तिसाला प्राण्याच्या अंतराने, मीटरमध्ये, गुणावे आणि लेन्सच्या आकड्याने भागावे. जे उत्तर येईल तेवढे मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत मावते. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असल्यास छत्तिसाऐवजी चोवीस घ्यावेत. व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनाच्या नियमांप्रमाणे वाहनाने वन्यप्राण्यापासून किमान वीस मीटर अंतर राखावयाचे असते. त्या वीस मीटरांवर सहाशेच्या लेन्समध्ये फुल फ्रेमवर १.२ मीटर रुंदीचे दृश्य मावते, चारशेमध्ये १.८, दोनशेमध्ये ३.६ आणि शंभरमध्ये ७.२. पूर्ण वाढलेला वाघ शेपटी सोडूनही दोन मीटरांच्या आसपास भरतो. म्हणजे नियमात बसणाऱ्या अगदी जवळच्या अंतरावर आडवा उभा असलेला अख्खा वाघ ना सहाशेत मावतो ना चारशेत. आणि वाघाला तर त्या नियमाची प्रत कोणी दिलेलीच नसते.

वाघिणीची गोष्ट आता सांगतो. मे महिना, ताडोबा, तेलिया तलावाकडची सायंकाळची फेरी. चितळांचे इशाऱ्याचे 'कॉल' सुरू झाले तसा आमच्या गाईडने जिप्सी थांबवून इंजिन बंद करविले आणि आम्ही सर्व जण बांबूच्या त्या सुकलेल्या, पिवळ्या भिंतीकडे डोळे लावून बसलो. माझ्या हातात एका स्नेह्याकडून उसनी आणलेली पाचशे मिलिमीटरची न बदलणारी, म्हणजे प्राईम, लेन्स होती आणि ती क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चढविलेली होती. त्या ऐश्वर्याचा यत्किंचित गर्वही मनात होता हे कबूल केले पाहिजे. वाघीण बांबूतून बाहेर आली ती सरळ रस्त्यावर, आमच्यापासून बारा मीटरांवर, आणि दोन क्षण थांबून तिने आमच्याकडे पाहिले. वर दिलेले गणित करून पाहा: चोवीस गुणिले बारा भागिले पाचशे, म्हणजे अर्ध्या मीटराहून किंचित अधिक, जेमतेम दोन फूट. चौकटीत तिचा एक डोळा, अर्धा कान आणि मिशांचा थोडका भाग. मी मागे सरकू शकत नव्हतो, कारण जिप्सीतून उतरण्यास सक्त मनाई. लेन्स बदलण्यास वेळ नव्हता आणि तो असता तरी त्या धुळीत ते धाडस कोण करणार? शेजारच्या बाकावर एक महाविद्यालयीन तरुण आपली जुनी, झिजलेली ७०-३०० घेऊन बसला होता. त्याने ती सत्तरवर आणून चार मीटर रुंदीचे दृश्य टिपले: तिरपे ऊन, सुकलेला बांबू, धुळीचा रस्ता, आणि त्या साऱ्याच्या मध्यभागी स्वतःच्या मुलखात उभी असलेली वाघीण. ते चित्र आज त्याच्या घरात भिंतीवर आहे. माझा अर्धा कान कोठल्या तरी हार्ड डिस्कमध्ये असावा.

पहिला आकडा पाहावा तो यासाठी. ज्या लेन्सची सुरुवात शंभरपासून होते ती रस्त्यावर आलेल्या वाघाला, गव्यांच्या कळपाला, मोहाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या अस्वलाला त्यांच्या भोवतालासह सामावून घेते. जिची सुरुवात दोनशेपासून होते ती ऐन वेळी फजिती करण्याची शक्यता बाळगून असते. दुसरे म्हणजे किमान फोकस अंतर. १५०-६०० वर्गातील लेन्सला वस्तू साधारणपणे अडीच-पावणेतीन मीटरांहून जवळ चालत नाही, तर कॅननची १००-४०० ची दुसरी आवृत्ती ९८ सेंटिमीटरांपर्यंत जवळ येऊ देते. वाघ न दिसलेल्या दिवशी, आणि असे दिवसच अधिक, वाटेकडेच्या फुलपाखरावर समाधान मानावयाचे असेल तर हा फरक क्षुल्लक नव्हे.

तथापि सहाशेचे सर्व दावे मी नामंजूर करीत नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावरून स्थानिक कोळी बांधवांच्या सपाट होडीतून आपण रोहित पक्ष्यांच्या थव्याकडे निघतो तेव्हा परिस्थिती नेमकी उलट असते. नावाडी चाळीस-पन्नास मीटरांवर वल्हे थांबवितो, आणि त्याने ते थांबवावे असाच आपला आग्रह असला पाहिजे, कारण आणखी जवळ गेल्यास थवा उडतो, आणि उडालेला थवा म्हणजे चिखल गाळून मिळविलेल्या अन्नाची पक्ष्यांनी आपल्या हौसेपायी केलेली उधळण. पन्नास मीटरांवर सहाशेची चौकट तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असते. रोहित उभा राहिला की सव्वा ते दीड मीटर भरतो. हिशेब अगदी चोख बसतो. चारशेची चौकट तेथे साडेचार मीटर रुंद होते आणि पक्षी पाण्याच्या पसाऱ्यात थोडा हरवतो. खंड्या, वेडा राघू, शिंजीर यांसारख्या लहान पक्ष्यांच्या बाबतीत तर सहाशेही अपुरेच वाटते: दहा मीटरांवरील खंड्या चौकटीच्या निम्म्याहून कमीच जागा व्यापतो. म्हणून आपण मुख्यतः पक्ष्यांचे आहोत की जनावरांचे, याचा निवाडा स्वतःशी प्रामाणिकपणे केल्याखेरीज दुकानाची पायरी चढू नये.

आता एफचा आकडा. या विषयावर इतके गूढ लिहिले गेले आहे की सामान्य माणूस तो वाचण्याचेच टाळतो. वस्तुतः तो एक भागाकार आहे. नाभीय अंतरास प्रकाशद्वाराच्या व्यासाने भागले की एफ मिळतो. सहाशेला ६.३ ने भागले तर ९५ मिलिमीटर येतात, आणि म्हणूनच या वर्गातील बहुतेक लेन्सांच्या तोंडावर ९५ मिलिमीटरचाच फिल्टर बसतो. तीच सहाशे एफ ४ ची हवी असेल तर प्रकाशद्वार १५० मिलिमीटरचे लागेल, म्हणजे जेवणातील आमटीच्या वाटीऐवजी जवळजवळ एक छोटी ताटली. तेवढ्या व्यासाची निर्दोष भिंगे घडविणे हे काम इतके खर्चाचे आहे की ती लेन्स दहा लाखांच्या घरात जाते आणि तीन किलोंच्या आसपास वजनाची होते. झूम लेन्स स्वस्त व हलकी राहते ती प्रकाशात काटकसर करून. दीडशेवर एफ ५ असलेली लेन्स सहाशेपर्यंत पोहोचेतो ६.३ वर येते, काही लेन्स आपल्या टोकाला तर ७.१ किंवा ९ वर.

या काटकसरीचे परिणाम प्रकाशाच्या जमाखर्चात उमटतात. जमेच्या बाजूस तीनच खाती: द्वार किती उघडे, शटर किती वेळ उघडे, आणि आयएसओ म्हणजे सेन्सरकडून काढलेली उचल. सूर्योदयापूर्वीच्या ताडोब्यात एफ ४ च्या लेन्सवर एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात चित्र घेण्यासाठी जर आयएसओ १६०० लागत असेल, तर त्याच क्षणी, त्याच वेगाने, एफ ६.३ च्या लेन्सला ४००० लागेल. उचल वाढली की चित्रात रवा दिसू लागतो, वाघाच्या काळ्या पट्ट्यांतील बारकावे गढूळ होतात. अलीकडचे सेन्सर आणि संगणकावर रवा पुसणारी साधने यांमुळे हे व्याज पूर्वीइतके जाचक राहिलेले नाही हे खरे; परंतु वाघ दर्शन देतो तो मुख्यतः पहाटे आणि दिवेलागणीस, म्हणजे जमेची बाजू सर्वांत रोडावलेली असताना, हेही तितकेच खरे. शिवाय जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांची स्वयंचलित फोकसची यंत्रणा एफ ५.६ पलीकडे अडखळू लागते. आरसा नसलेले नवे कॅमेरे त्याबाबतीत बरेच उदार आहेत.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे, कारण विक्रेते त्यास हेतुपुरस्सर खतपाणी घालतात. कंप शोषणारी यंत्रणा, जी कॅनन आयएस, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस आणि टॅमरॉन व्हीसी अशा निरनिराळ्या नावांनी विकते, ती फक्त आपल्या हाताचा कंप थोपविते. समोरच्या जनावराची हालचाल थोपविण्याची तिला मुळीच मुखत्यारी नाही. 'चार स्टॉपचा फायदा आहे, सेकंदाच्या साठाव्या भागातही हातात धरून मारा' असे कोणी सांगितले (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची एक दुप्पट किंवा निमपट) तर ते बसलेल्या वाघापुरते खरे मानावे. उडणाऱ्या घारीचे पंख हवेत गोठवावयाचे असतील तर सेकंदाचा दोन हजारावा भागच लागतो, आणि तो मिळवून देण्याचे काम ही यंत्रणा नव्हे, प्रकाशच करू शकतो. भिगवणच्या होडीत मात्र तिचे उपकार मानावेत तितके थोडे, कारण तेथे ट्रायपॉड निरुपयोगी असतो, होडीबरोबर तोही डोलतो.

पळत्या गोष्टींचा विचार करताना जंगलाबाहेर थोडे डोकावणे योग्य होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींना परवानगी देणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केल्यापासून पुणे जिल्ह्यातील शर्यतींच्या घाटांवर छायाचित्रकारांची गर्दी पुन्हा दिसू लागली आहे. बारी, म्हणजे एका गाड्याची पाळी, सुटते तेव्हा पुढे घोडी, मागे चौखूर उधळलेले बैल, वर भंडाऱ्याचा पिवळा धूर, आणि हा सारा लोंढा शंभर-दीडशे मीटरांवरून काही सेकंदांत आपल्या पुढ्यात येऊन निघून जातो. अशा प्रसंगी सहाशेची टोकाची नळी घेऊन बसलेला माणूस बैलांची शिंगे तेवढी टिपतो. ज्याच्या हातात १००-४०० आहे तो प्रारंभी चारशेवर आणि अखेरीस शंभरवर, मधला प्रत्येक क्षण साधू शकतो, मात्र त्याची झूमची कडी अर्ध्या फेऱ्यात इकडून तिकडे फिरली पाहिजे. ज्या लेन्समध्ये ती फिरविण्यास मनगट दोनदा वळवावे लागते ती लेन्स बैलगाड्यासाठी बाद समजावी. आडव्या जाणाऱ्या गाड्याबरोबर कॅमेरा फिरवून पार्श्वभूमी पुसट करावयाची असेल तर कंपरोधक यंत्रणेचा त्यासाठी असलेला वेगळा खटका आहे की नाही तेही पाहावे. छताखाली मॅटवर रंगणाऱ्या कबड्डीस मात्र या प्रकरणातील एकही लेन्स न्यावयाची नाही. तेरा मीटर लांबीचे ते मैदान आणि सभागृहातील दिवे यांसाठी ७०-२०० एफ २.८ हीच योग्य.

वजनाविषयी लिहिताना मी मुद्दाम एक घरगुती प्रमाण सांगतो. सोनीची २००-६०० सुमारे दोन किलो शंभर ग्रॅम, निकॉनची २००-५०० दोन किलो तीनशे ग्रॅम, सिग्माच्या १५०-६०० ची साधी 'कंटेम्पररी' आवृत्ती एक किलो नऊशे तीस ग्रॅम आणि तिची दणकट 'स्पोर्ट्स' आवृत्ती दोन किलो आठशे साठ ग्रॅम. त्यांत कॅमेऱ्याची भर घातली की अडीच ते साडेतीन किलो होतात, म्हणजे बारशाच्या पाळण्यातील बाळ. ते बाळ दोन मिनिटे हौसेने घेणे निराळे आणि घार झाडावरून उडेल या आशेने पंधरा मिनिटे डोळ्यापुढे तोलून धरणे निराळे. घार उडते ती नेमकी आपण हात खाली आणल्यावर. हा योगायोग नसून दमलेल्या खांद्याचा हिशेब आहे. कॅननची १००-५०० ट्रायपॉडची कडी वगळता एक किलो चारशे ग्रॅमच्या आत भरते, आणि तिच्या टोकाच्या ७.१ या कंजूष एफला अनेक जण माफी देतात ती केवळ या हलकेपणामुळे. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

जिप्सीत बसून छायाचित्रे घेणाऱ्यास ट्रायपॉडचा उपयोग नाही. तेथे पिशवी हवी. बाजारात ती 'बीनबॅग' म्हणून रिकामीच मिळते, आणि विमानाने जाणाऱ्यांनी ती तशीच नेऊन मुक्कामी तांदूळ किंवा हरभरे भरून घ्यावेत. जाड कापडाच्या, दोन कप्प्यांच्या त्या पिशवीत चार किलो तांदूळ भरून ती जिप्सीच्या दांडीवर खोगिरासारखी टाकली आणि तिच्यावर लेन्सचे धूड टेकविले, की हाताचा कंप निम्म्याने उतरतो. सहल संपल्यावर तांदळाचा भातही होतो, जे ट्रायपॉडचे होत नाही.

झूम करताना लांबणाऱ्या आणि न लांबणाऱ्या, अशा दोन जातींबद्दल आता थोडे. काही लेन्सांची नळी सहाशेकडे नेताना दुर्बिणीसारखी बाहेर येते; सोनीची २००-६०० आणि निकॉनची २०२३ सालची १८०-६०० यांची लांबी मात्र बदलत नाही, भिंगे आतल्या आत सरकतात. बाहेर येणारी नळी बंद केल्यावर पिशवीत कमी जागा घेते हा तिचा फायदा. परंतु ती बाहेर येताना हवा आत ओढते आणि त्या हवेबरोबर, मे महिन्यातील ताडोब्याच्या रस्त्यांवर, तांबडी धूळही. १९९८ सालची कॅननची पहिली १००-४०० तर ढकलण्या-ओढण्याच्या झूममुळे 'धुळीचा पंप' म्हणूनच छायाचित्रकारांत बदनाम होती. शिवाय नळी पुढे सरकली की तोलही पुढे सरकतो, आणि डाव्या हातास ते लगेच जाणवते.

उन्हाळ्यातील आणखी एका गोष्टीवर मात्र कोणत्याही किमतीच्या लेन्सचा इलाज चालत नाही. सकाळी दहानंतर जमिनीवरून तापलेली हवा थरथरत वर जाऊ लागते, आणि दीडशे मीटरांवरील पाणवठ्यावर बसलेल्या वाघाची प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी होते. फोकस अचूक, शटर वेगवान, लेन्स दहा लाखांची, आणि तरीही चित्र मऊ. मग बिचारा मालक सेवा केंद्राकडे तक्रारअर्ज रुजू करतो. दोष हवेचा असतो. लांब लेन्स अंतर ओलांडते असे आपण म्हणतो, पण मधली हवा ती ओलांडू शकत नाही, उलट तिचे थरथरणेही तितक्याच पटींनी मोठे करून दाखविते. म्हणून 'आठशे घेतली म्हणजे पलीकडच्या काठावरचाही वाघ मिळेल' हा हिशेब विदर्भाच्या उन्हाळ्यात बहुधा चुकतो. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून नाभीय अंतर वाढविणारा १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. शिवाय तो एक स्टॉप प्रकाश खातो, दोन पटीचा दोन स्टॉप, आणि कॅननच्या १००-५०० वर तो लावला की झूम तीनशेच्या खाली येतच नाही, म्हणजे जिच्यासाठी ती लेन्स घेतली ती तिची जवळची बाजूच नाहीशी होते.

लांब लेन्सवाचून वन्यजीवांचे छायाचित्रणच अशक्य आहे असे मानणाऱ्यांनी संयुक्त प्रांताच्या जंगल खात्यातील एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या अधिकाऱ्याचे १९२७ साली निघालेले, वाघांच्या मुलखातील कॅमेऱ्याविषयीचे पुस्तक अवश्य चाळावे. त्याने वाटेवर तार बांधली, तिच्यावर वाघाचा पाय पडताच प्रकाशाचा झोत पडावा आणि शटर सुटावे अशी तजवीज केली, आणि वाघाने रात्री येऊन स्वतःचे चित्र स्वतःच काढून दिले. नळी त्यात कोठेच नव्हती. जंगलाच्या वाटांची माहिती होती.

जुनी लेन्स विकत घेण्यात कमीपणा नाही, किंबहुना या किमतींत ते शहाणपणाचेच. परंतु मुंबई व कोकणपट्टीतील दमट घरांतून आलेली लेन्स घेताना मोबाईलची विजेरी एका बाजूने आत सोडून दुसऱ्या बाजूने पाहावे. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि किंमत कितीही कमी असली तरी तो सौदा मोडावा. मला एका प्रतिष्ठित गणल्या जाणाऱ्या दुकानाने 'फक्त थोडी धूळ आहे' असे सांगून अशी एक लेन्स विकली होती. ती धूळ पुढील पावसाळ्यात वाढली, यावरून ती जिवंत असली पाहिजे असा निष्कर्ष मी काढला. तेव्हापासून घरी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या आहेत. जेलचा रंग गुलाबी झाला की तो तव्यावर तापवून पुन्हा निळा करून घ्यावा.

आता निवाडा. मुख्य ओढ वाघ, गवे, अस्वल आणि शर्यतीची असेल तर ज्या लेन्सची सुरुवात शंभरपासून होते आणि शेवट चारशे किंवा पाचशेवर होतो ती घ्यावी, आणि सहाशे न घेतल्याबद्दल मनाला टोचणी लावून घेऊ नये. मुख्य ओढ पक्ष्यांची असेल तर २००-६०० किंवा १८०-६००; खिसा तंग असेल तर १५०-६०० ची हलकी आवृत्ती. आठशे मी कोणासही पहिली लेन्स म्हणून सुचविणार नाही. या लेन्सांच्या किमती लाखाभरापासून अडीच लाखांपर्यंत जातात, तेव्हा घेण्यापूर्वी तीच लेन्स भाड्याने घेऊन दोन दिवस घराच्या गच्चीवरून घारी आणि कावळे यांवर चालवून पाहावी. पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळणे आता कठीण राहिलेले नाही. ताडोब्याचा गाभा १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद असतो. त्या तीन महिन्यांच्या आरंभीच नवी लेन्स घेऊन तिची वॉरंटी कपाटात सडवू नये. भाड्याच्या लेन्सवर गच्चीवरील कावळे सप्टेंबरमध्ये संपवावेत आणि खरेदी महिनाअखेरीस करावी, म्हणजे १ ऑक्टोबरला फाटक उघडेल तेव्हा हात तिच्या वजनाला सरावलेला असेल.